आचाऱ्याची माणसं

उत्तमरावांचा थोरला पोरगा बायको-पोरीला घेऊन बोटीत राहतो, हे जानेफळात कोणालाच माहीत नव्हतं. गावाला माहीत होतं ते एवढंच की गोपाल जहाजावर कॅप्टन आहे, कंपनी परदेशी आहे आणि बिचाऱ्याला सुटी म्हणून मिळत नाही. हे सगळं खुद्द उत्तमरावांनीच सांगितलेलं. चहाच्या टपरीवर सांगितलं, सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगितलं, मेहकरच्या बाजारात तुरीचा भाव विचारता विचारता अडत्यालाही सांगून टाकलं. आता माणूस इतक्या ठिकाणी एकच गोष्ट न विचारता सांगत सुटला, की समजावं काहीतरी भानगड आहे. पण उत्तमरावांची जमीन ओलिताची, दारात ट्रॅक्टर, पंचायतीत शब्दाला वजन. त्यांच्या तोंडावर विचारणार कोण?

खरी गोष्ट अशी. गोपाल खरोखरच मोठमोठ्या जहाजांवर होता, इंजिनाच्या कामावर. पगार दणदणीत, पुण्यात फ्लॅट. चिखलीच्या मास्तरांची मुलगी प्रतिमा त्यानं स्वतःच पसंत केली, लग्न झालं, ओवी झाली. पण महिने न् महिने हा आपला पाण्यावर. एकदा असाच घरी आला, तर ओवी दार उघडून आत पळाली आणि आईला म्हणाली, कोणीतरी काका आलेत. झालं! गड्याच्या डोक्यात जे शिरलं ते शिरलं. नोकरी सोडली, फ्लॅट विकला, गोव्याला कोणाची तरी जुनी शिडाची बोट पडलेली होती ती घेतली, स्वतः ठोकठाक करून नीट केली आणि बायको-पोरीला घेऊन तिच्यातच राहायला गेला.

"समुद्र सुटत नाही बाबा, अन् पोरगीबी सोडाची नाही," असं त्यानं फोनवर सांगितलं होतं.

"ते ठीक हाये. पण घर कुठी हाये?"

"हेच घर."

"अबे बोट समजली मले! घर कुठी हाये म्हणतो मी!"

यावर गोपाल नुसता हसला, आणि उत्तमरावांच्या छातीत जी कळ बसली ती बसलीच. आपल्या सात पिढ्या या मातीत गेल्या, आणि आपल्या पोराला चार भिंती नाहीत? नांगर टाकला ते गाव, नांगर उचलला की चालू पडले! हिवाळ्यात गावाबाहेर पाल ठोकून राहणाऱ्यांना आपण दुरून पाहतो, तसं उद्या लोक आपल्या पोराला पाहणार, ही लाज त्यांना जेवताना आठवायची, झोपताना आठवायची. मग त्यांनी त्याला कॅप्टन करून टाकलं. खोटं तरी काय त्यात, असंही स्वतःला समजावलं. बोटीचा का होईना, कॅप्टनच आहे की!

ओवीचा फोन मात्र त्यांना हवाच असायचा. रविवारी सकाळी तो यायचा आणि उत्तमराव तो घेऊन गोठ्यात जायचे, म्हशींच्या मधोमध उभे राहून बोलायचे. कोणी ऐकायला नको. ओवी सांगायची, आजोबा, आमची शेगडी झोपाळ्यासारखी हलते, बोट कितीही कलली तरी दूध सांडत नाही. आजोबा, काल पहाटे माझा पहारा होता, मी एकटीनं सुकाणू धरलं, बाबा बाजूला बसून नुसते चहा पीत होते. आम्ही लक्षद्वीपला गेलो तेव्हा तीन दिवस जमीनच दिसली नाही. आणि जमिनीवर आलं ना आजोबा, की मला झोपच लागत नाही, पलंग हलतच नाही. उत्तमराव म्हणायचे, "वा वा, शाबास!" आणि मनापासून म्हणायचे. पण गोठ्याच्या दाराकडे एक डोळा ठेवून.

तर असं चाललेलं असताना पूनमची सोयरीक जमली. पूनम म्हणजे गोपालची धाकटी बहीण, उत्तमरावांचा जीव की प्राण. स्थळ सुलतानपूरच्या वामनरावांचं. जमीनजुमला, मुलगा बँकेत, माणसं नाकासमोर चालणारी. बोलणीच्या बैठकीत वामनरावांनी सहज विचारलं, "थोरले काय करतात?" आणि उत्तमरावांनी जो कॅप्टन काढला तो असा काढला, की वामनरावांची मंडळी ऐकतच राहिली. एवढं मोठं जहाज, इतकी माणसं हाताखाली, सध्या सिंगापूरकडं आहे. साखरपुड्याचा विषय निघाला तेव्हा वामनराव मान डोलावत म्हणाले, "मंग साक्षगंधाले काही येनं होत नसन त्यायचं."

"नाहीच ना! सुटी कुठी देतात ते लोक," उत्तमराव म्हणाले. आणि घरी येऊन त्यांनी गोपालला फोन लावला. साक्षगंधाले येऊ नको बाबू, म्हणाले. लग्नाले पाहू. तुहे ते कपडे, ते केस, लोकं काय म्हणतीन, इथं पोरीचं काम हाये.  गोपाल म्हणाला, "बरं बाबा."

इथं पूनमनं घोळ केला. घोळ कसला, बहिणीनं बहिणीसारखं केलं. तिनं भावाला फोन करून सांगितलं, दादा, तू नाही आला तं मी पाटावर बसत नसतो, मंग बाबा अन् पाहुणे पाहून घेतीन काय ते. आणि हे तिनं ना आईला सांगितलं ना बापाला.

साक्षगंधाच्या दिवशी दारात मांडव पडला, मागच्या अंगणात आचाऱ्यानं चुली पेटवल्या. मुहूर्त दुपारचा निघाला होता, म्हणून आधी पंगत आणि मग साक्षगंध असं ठरलं होतं. सुलतानपूरच्या गाड्या आल्या. उत्तमराव कडक इस्त्रीचं धोतर आणि फेटा बांधून फाटकाशी उभे. वामनरावांना हाताला धरून उतरवलं, गळाभेट झाली, "या, या, उशीर झाला म्हणून जीव टांगणीले लागला होता," चाललं होतं, आणि तेवढ्यात मेहकरकडून एक ऑटो धुरळा उडवत आला आणि वामनरावांच्या गाडीला खेटूनच थांबला.

आतून एक पोतं उतरलं. पोत्यामागून एक माणूस उतरला. उन्हानं काळा ठिक्कर, केस मानेपर्यंत आणि टोकाला भुरे झालेले, अंगात विटका शर्ट, पायात रबरी चपला. मागून एक बाई, तशीच रापलेली, साडी प्रवासात चुरगळलेली. आणि एक नऊ-दहा वर्षांची पोरगी, हडकुळी, नाकाचं सालटं निघालेलं. रत्नागिरीकडच्या खाडीत बोट ठेवून तिघं निघाली होती. वाटेत एसटी बंद पडली, मेहकरात मित्राकडे आंघोळ-कपडे करायचं ठरलं होतं ते हुकलं, म्हणून आहेत तसेच आले. पोत्यात नारळ होते. बहिणीच्या साक्षगंधाला कोकणातून रिकाम्या हातानं कसं यायचं?

गोपाल हसतच पुढं आला. बापाच्या पाया पडायला तो वाकणार, तोच वामनराव सहज म्हणाले, "हे कोण?"

उत्तमरावांनी विचार केला असता, तर बरं झालं असतं. पण विचार करायला वेळच नव्हता, आणि लाजेला वेळ लागत नाही. ती आधीच तोंडात येऊन बसलेली असते.

"हे होय? हे आचाऱ्याचे मानसं," उत्तमराव म्हणाले. "नारळ मांगितले होते, ते घेऊन आले. ए, मागून जा रे. मागच्या दारानं."

गोपाल जिथल्या तिथं थांबला. त्यानं बापाकडं पाहिलं, वामनरावांकडं पाहिलं, त्यांच्या गाड्यांकडं पाहिलं. ओवीनं "आजो..." एवढं म्हटलं होतं, तिच्या खांद्यावर त्यानं हात ठेवला. मग पोतं उचलून पाठीवर घेतलं आणि बोळीतून मागं गेला. प्रतिमानं डोक्यावर पदर घेतला आणि ती त्याच्या मागं गेली. वामनराव तोवर मांडव बघत होते. "मांडव झकास घातला हो," म्हणाले.

 पाहुण्यांना लोडाशी टेकवून, पाणी-बिणी विचारून उत्तमराव मागं धावले.

मागं चुलीजवळ आशाबाई उभ्या होत्या. हातात झारा. गोपाल पोतं खाली ठेवत होता.

"पोराले मागच्या दारानं आनलं तुमी?" आशाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, आणि उत्तमरावांना तेच जड गेलं. बत्तीस पोळ्या एकहाती लाटणारी ही बाई चिडली की भांडी आपटायची. आज भांडी आपटत नव्हती.

"अवो, तोंडातून निघालं. आता काय करू? पाहुण्यायले काय सांगू, हा माहा कॅप्टन म्हणून?"

"मंग मी सांगतो जाऊन."

"आई, राहू दे," गोपाल म्हणाला. "बाबा, तुमी टेन्शन घेऊ नका. पूनमचं काम होऊन जाऊ द्या. मी पंगतीत वाढतो. वाढनाऱ्याचं तोंड कोणी पाहत नाही."

"दोन घंट्याचा तं प्रश्न हाये बाबू," उत्तमराव काकुळतीला येऊन म्हणाले, आणि त्यांना जरा हायसं वाटलं. असं वाटणं वाईटच, पण वाटलं. मग ते ओवीसमोर वाकले. इतके महिने म्हशींच्या मधोमध उभं राहून जिच्याशी बोलले ती ही पोरगी. पहिल्यांदा तिला नीट पाहत होते. "ओवी, आपुन एक खेळ खेळू. आज मले आजोबा म्हणायचं नाही. पाहुने गेले की मंग म्हणजो. जमन?"

ओवीनं आईकडं पाहिलं. प्रतिमा भांड्यातल्या मठ्ठ्यात मीठ ढवळत होती, तिनं वर पाहिलंच नाही.

"जमेल," ओवी म्हणाली.

पंगती बसल्या. बुंदी, वांग्याची भाजी, पोळ्या, वरण-भात, मठ्ठा. यजमान म्हणून उत्तमराव वामनरावांच्या शेजारी बसले होते, आग्रह करायला. गोपाल मठ्ठ्याची बादली घेऊन फिरत होता. गावातल्या, भाऊबंदांतल्या ज्यांनी त्याला ओळखलं, त्यांनी उत्तमरावांच्या तोंडाकडं पाहून ताटात डोकं घातलं. नवरदेवाच्या ओळीत तो गेला तेव्हा नवरदेव पाटावरून अर्धवट उठल्यासारखा झाला आणि हसला. गोपालनं त्याच्या खांद्यावर हात दाबून त्याला खाली बसवलं. पोरगं नम्र आहे, उत्तमरावांनी मनात म्हटलं आणि आनंद मानला.

मग गोपाल वामनरावांसमोर आला. वामनराव मोकळ्या स्वभावाचे, कोणाशीही बोलणारे.

"कुठचे तुमी?"

"इथचाच," गोपाल म्हणाला.

"हाताले घट्टे लय पडले हो. आचाऱ्याच्या हाताले चटके असतात, घट्टे नसतात."

"दोर ओढाचं काम असते मले."

"विहिरीचं?"

"तसंच काही," गोपाल म्हणाला आणि पुढं सरकला. उत्तमरावांच्या घशात बुंदी अडकली. त्यांना ठसका लागला, तर वामनरावच त्यांची पाठ थोपटू लागले.

जेवणं उरकली. उष्टी ताटं उचलायला पोरं कमी पडत होती. वामनरावांनी हात धुतले, ढेकर दिली, आणि समोरून गोपाल चाललेला पाहून ते म्हणाले, "ए भाऊ, हे आमचं ताट उचला बरं जरा, पाय लागन कोनाचा."

गोपाल वाकला. त्यानं व्याह्याचं उष्टं ताट उचललं, खाली सांडलेली भाजी हातानं ताटात ओढली, ओलं झालेलं फडक्यानं पुसलं. ज्या हातानं मुलीचा भाऊ म्हणून नवरदेवाला टिळा लावायचा, त्याच हातानं. लग्नघरात मुलीचा भाऊ वाढतो, धावपळ करतो, सगळं करतो. पण सोयऱ्याचं उष्टं? उत्तमरावांना वाटलं आता उठावं, ताट हिसकून घ्यावं, सांगून टाकावं. अरे, तोंड उघडायला किती वेळ लागतो? पण ते बसूनच राहिले. बुड जणू सतरंजीला शिवलं होतं. गोपालनं ताट नेलं. उत्तमराव त्याच्या पाठीकडं पाहत राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना पोराची लाज वाटली नाही, स्वतःची वाटली. ही दुसरी लाज पहिल्यापेक्षा फार वाईट असते. पहिली निदान लपवता येते.

मुहूर्त झाला. पूनम पाटावर बसली. नवरदेव समोरच्या पाटावर. गुरुजींनी कुंकवाचा करंडा पुढं केला, कपड्यांचं ताट पुढं केलं आणि म्हणाले, "मुलीच्या भावाले बोलवा."

या घराण्यात साक्षगंधाला नवरदेवाला टिळा लावून कपडे चढवायचा मान मुलीच्या भावाचा. उत्तमरावांनी आधीच सोय करून ठेवलेली. पुतण्या प्रेम नव्या सदऱ्यात तयारच होता. तो पुढं आला आणि ताटाला हात लावणार, तेवढ्यात नवरदेव म्हणाला, "गोपालदादा कुठी हायेत?"

प्रेमचा हात ताटाशीच थांबला. वामनराव म्हणाले, "अरे, ते सिंगापूरले हायेत ना."

"सिंगापूरले कायले राहतीन बाबा? आताच तं मले मठ्ठा वाढून गेले," नवरदेव म्हणाला आणि हसला. "कपडे मी त्यायच्याच हातानं घेईन. मंग बोटीवर जायाचं आमंत्रणही त्यायच्याचकडून घ्याचं हाये. पूनमनं सगळं दाखवलं मले फोनवर. ती ओवी तं सुकाणू धरते!"

घ्या! बोलणी झाल्यापासून पोरगा-पोरगी रोज फोनवर तास न् तास बोलत होती. उत्तमरावांना ते माहीत होतं, त्यांनीच पूनमला नवा फोन घेऊन दिला होता. पण ती दोघं काय बोलत असतील, हा विचार त्यांच्या डोक्यात एकदाही आला नाही. त्यांच्या हिशोबी ती दोघं जेवलास का, झोपलीस का एवढंच बोलत असणार. बोटीची सगळी कहाणी तिकडं सुलतानपूरला पाठ होती. बायकांच्या बाजूनं वामनरावांच्या पत्नी रुक्मिणीबाई म्हणाल्या, "मले तं कवाचं माहीत हाये. आमी म्हणत होतो, लग्न झालं की समदे मिळून जाऊ बोट पाहाले." घरात ठाऊक नव्हतं ते एका वामनरावांना. घरच्या कर्त्या पुरुषाला कोणी काही सांगतच नाही, हे उत्तमरावांच्याच घरात होतं असं नाही.

वामनराव हळूहळू वळले. बोळीच्या तोंडाशी गोपाल उभा होता, हातात रिकामी बादली. वामनरावांनी त्याच्या विटक्या शर्टाकडं पाहिलं, हाताकडं पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला.

"तुमी गोपालराव?" ते उठून उभे राहिले. "अरे देवा. मी तुमच्या हातानं उष्टं उचलवलं."

 उत्तमरावांनी सतरंजीची कड धरली. सोयरीक गेली. पूनम मान खाली घालून बसली होती, तिचे कान लाल झाले होते. गेलं सगळं, माझ्या एका वाक्यानं गेलं, एवढंच त्यांना कळत होतं.

आणि गोपाल हसला. बादली खाली ठेवून, हात पुसत पुढं आला.

"मामा, त्यात काय एवढं! बहिणीच्या पंगतीत भाऊ नाही राबन तं कोन राबन? अन् बाबाची काही चूक नाही. मीच म्हणलो त्यायले, हे असं ध्यान घेऊन पाहुण्यायसमोर कसा येऊ, मले आचाऱ्यात खपवा. गंमत केली थोडी."

अहाहा! काय सुस्कारा सुटला मांडवात. कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. वामनरावांनीही छातीवर हात ठेवला, हसले आणि म्हणाले, "लय डांबिस हायेत बुवा तुमी लोकं! उत्तमराव, सिंगापूर म्हणे!" उत्तमरावांनीही तोंड वासलं, हसल्यासारखं केलं. सुटलो, त्यांना वाटलं. पोरानं सोडवलं.

"अन् ते सुकाणूवाली कुठी हाये?" वामनरावांनी विचारलं. "ये बाई, ये, लाजू नको. जाय, आजोबाच्या मांडीवर बस."

ओवी मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. ती हलली नाही. तिनं बापाकडं पाहिलं आणि स्पष्ट, शाळेत उत्तर द्यावं तसं विचारलं, "बाबा, खेळ संपला का? आता आजोबा म्हणलं तर चालेल?"

"हो हो, म्हण ना," गोपाल घाईनं म्हणाला.

"पण आजोबा म्हणाले होते, पाहुणे गेल्यावर म्हणायचं. पाहुणे तर आहेत."

आता काय हसतं कोणी? वामनरावांचं हसू ओठावरच मेलं. गोपालनं डोळे मिटून घेतले. त्याला आणखी एखादी थाप सुचली असती, तो शोधत होता हे उत्तमरावांना दिसलं. बापासाठी पोरगा दुसऱ्यांदा थाप शोधत होता, ते बघून उत्तमराव उभे राहिले. फेटा डोक्यावर नको झाला, म्हणून त्यांनी तो काढून हातात घेतला.

"तो खोटं बोलून राह्यला," ते म्हणाले. "माह्यासाठी बोलून राह्यला. मीच म्हणलो, आचाऱ्याचे मानसं म्हणून. त्याच्या तोंडावर म्हणलो. या लेकराले मीच शिकोलं, मले आजोबा म्हणू नको. कॅप्टन-बिप्टन काही नाही, सिंगापूर नाही. बोटीत राहते तो. मले लाज वाटली. घर नाही म्हणून लाज वाटली. तुमाले काय वाटन म्हणून लाज वाटली." ते वामनरावांकडं वळले. "पोरीची यात काही चूक नाही वामनराव. तिच्यावर राग काढू नका."

कोणी काही बोललं असतं तर बरं झालं असतं. एखादा तोडून बोलला असता, तर उत्तमरावांनी मान खाली घालून ऐकून घेतलं असतं. पण कोणी बोललं नाही आणि कोणी त्यांच्याकडं पाहिलंही नाही. सगळे सतरंजीकडं, पाटाकडं, मांडवाच्या कनातीकडं पाहत होते. रुक्मिणीबाईंनी पदर सारखा केला. आशाबाई दाराच्या चौकटीत उभ्या होत्या, त्यांनी डोळे पुसले, पण त्याही नवऱ्याकडं पाहत नव्हत्या.

शेवटी वामनराव खाली बसले. "गुरुजी," ते म्हणाले, "मुहूर्त टळून राह्यला. चालू करा. कपडे गोपालरावायच्या हाती द्या."

गोपालनं टिळा लावला, कपडे चढवले, नवरदेवाला नारळ दिला. पूनमनं भावाला पाहिलं आणि ती रडली, तशा नवऱ्या मुली रडतातच, म्हणून कोणी विचारलं नाही. साक्षगंध झालं. सोयरीक मोडली नाही. निघताना वामनरावांनी गोपालला घट्ट मिठी मारली, आधी त्याला मारली, आणि बराच वेळ त्याचे हात हातात धरून उभे राहिले. उत्तमरावांना त्यांनी दुरूनच दोन्ही हात जोडले. "येतो," एवढंच म्हणाले. आता लग्नापर्यंत आणि लग्नानंतरही हा माणूस आपल्याला असाच दुरून हात जोडणार, हे उत्तमरावांना समजलं. त्यात त्यांची तक्रार नव्हती.

संध्याकाळी गोपालनं पिशवी भरली. खाडीत बोट एकटीच होती, शेजारच्या कोळ्याला नजर ठेवायला सांगून आला होता, जास्त थांबता येत नव्हतं. रात्रीची गाडी मेहकरहून होती. आशाबाईंनी भाकरी-ठेचा बांधून दिला, लोणच्याची बरणी दिली, प्रतिमाची ओटी भरली. प्रतिमानं सासूला मिठी मारली. सासऱ्याच्या पाया पडली, रीतीप्रमाणं, आणि सरळ उभी राहिली. ओवीही पाया पडली. "येते आजोबा," म्हणाली. उत्तमरावांनी तिला जवळ घ्यायला हात पुढं केला, तर ती आईच्या बाजूला सरकली. मुद्दाम नाही, लेकरू ते, त्याला काय कळतं. पण सरकली.

ऑटो दारात उभा होता. गोपाल पिशवी टाकत होता. उत्तमराव त्याच्या मागं जाऊन उभे राहिले. बोलायचं होतं खूप, पण जन्मभर पोराशी शेतीचं, भावाचं, पावसाचं बोललेला माणूस, त्याला हे कसं बोलतात ते माहीत नव्हतं.

"गोपाल," ते म्हणाले, "मी येऊ का? तुमच्या घरी. दोन-चार दिवस."

बोटीला ते पहिल्यांदाच घर म्हणाले होते. गोपालनं ते ऐकलं, असं वाटलं. त्यानं पिशवीची गाठ पुन्हा एकदा आवळली.

"या ना बाबा," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "पन तिथं बाजूच्या बोटीतले लोकं येतात चहाले. ते विचारतीन, हे कोन म्हणून. मी काय सांगू त्यायले?"

उत्तमरावांनी ऑटोच्या दांडीला धरलं. ड्रायव्हर गावातलाच होता, कान टवकारून ऐकत होता. ऐकू दे म्हणाले मनात.

"सांग, बाप हाये म्हणून," उत्तमराव म्हणाले. "तुले लाज नसन वाटत तं."